आतून कडी

क्लाइपेडा, फेब्रुवारी. खिडकीबाहेर क्रेन
माना खाली घालून उभ्या, कोणी रागावल्यासारख्या.
स्क्रीनवर तीच लाल ओळ, चौथ्यांदा:
ही फाइल दुसऱ्या कोणाकडे आहे.

फाइल म्हणजे शाफ्टच्या बेअरिंगचा आराखडा, पान अकरावं.
त्यावर फक्त मंजुरीचा आकडा चढवायचा.
उद्या सात वाजता पत्रा कापणारं मशीन सुरू होणार,
हे एइमांतास तीनदा सांगून गेला,
दर वेळी टोपी काढून.

आधी नेहमीचे उपाय.
झाडलोटीची कमांड चालवली. यंत्र म्हणालं, झाडलं.
कचरा जिथल्या तिथे.
मग अर्धमेल्या प्रोसेस शोधल्या; एक सापडली,
सकाळपासून नुसती धापा टाकत बसलेली,
तिला मोकळं केलं.
अँटिव्हायरसला म्हटलं, बाबा, जरा बाजूला सरक.
सगळी कॉपी पुसून नवी उतरवली,
सव्वा तास, दोन कप कॉफी,
आणि पुन्हा लाल ओळ.
एव्हाना तिला माझी ओळख पटली असावी.

म्हणजे कडी माझ्या दाराला नव्हतीच.
सर्व्हरवर होती. आतून लावलेली.

सर्व्हरला विचारलं, आत कोण?
तो जुन्या कारकुनासारखा, विचारलं तेवढंच सांगतो:
नाव, विगांतास.
तारीख, एकोणतीस नोव्हेंबर, दुपारी चार बावन्न.
शेरा, थांबा मोजतोय.

एकोणतीस नोव्हेंबरला पाच वाजता
आम्ही त्याच्याकडून निरोपाचा केक कापून घेतला.
त्याचं खातं बंद केलं. त्याचा संगणक धुऊनपुसून
नव्या पोराला दिला. खुर्ची तर त्याच संध्याकाळी
कोणीतरी पळवली, बहुतेक मीच.

असली कडी तोडता येते.
एक शब्द जास्तीचा लिहायचा, 'जबरदस्तीने', आणि एंटर.
तेवढा अधिकार मला आहे;
माझ्या हुद्द्यात त्याखेरीज फारसं काही नाही.
बोट ठेवलं.
उचललं.
न्हाणीघराचं दार लोटण्याआधीसुद्धा
माणूस एकदा खाकरतो.

फोन लागला तेव्हा पलीकडे वारा, नुसता वारा.
खाडीच्या बर्फावर बसलोय, म्हणाला, भोकात गळ सोडून.
स्टिंता लागतायत. हातांना काकडीचा वास येतोय,
या माशांचं असंच असतं, तुला माहीत आहे, स्किर्मांते.
मी म्हटलं, तुमची कडी राहून गेलीय आमच्याकडे.
पुन्हा वारा.
मग म्हणाला, राहून नाही गेली. मी घातली होती.

आराखड्यात चारशे बारा आहे.
मी त्या जहाजाच्या पोटात आडवा पडून मोजलं, चारशे सोळा.
खात्री करायला दुसरी टेप आणायला उठलो,
तर दारात तुम्ही, केक घेऊन.

मग कोणाला सांगितलं का नाही?
सांगितलं की, म्हणाला. फाइलला.

त्याच्याकडे काहीतरी ओढलं गेलं, तो घाईने 'थांब थांब' म्हणाला,
मला की माशाला, कळलं नाही. फोन कटला.

एइमांतासला घेऊन खाली गोदीत उतरले.
टॉर्च त्याने धरला, आडवी मी झाले.
पाठीखालचं लोखंड इतकं गार
की आकडा वाचायला दोनदा डोळे पुसले.
चारशे पंधरा, आणि वर थोडं.
विगांतासचा चष्मा जुना होता,
किंवा माझा हात हलला.
बारा मात्र कुठूनही नव्हतं.

वर येऊन त्याची कडी तोडली
आणि त्याच मिनिटाला माझी घातली.
शेऱ्याच्या चौकटीत काय लिहावं ते सुचेना;
एइमांतास मागे उभा, टोपी हातात,
उद्या सातला काय सांगू, विचारत होता.
ओला हात चौकटीपाशी थांबला.
मी लिहिलं, थांबा.
मग नाव. मग माझा घरचा फोन नंबर.